घरातले फोटो हलतात? ऑटो आयएसओला दोन मर्यादा घाला

कमी उजेडात फोटो हलतो, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) हाताने वाढवून तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी उन्हातले फोटोही दाणेदार येतात. ऑटो आयएसओ लावा, म्हणजे तो आकडा कॅमेराच ठरवेल, पण मोकाट सोडू नका.

१. मोड डायल ए किंवा एव्हीवर ठेवा, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र) तुम्ही ठरवाल आणि शटर कॅमेरा.

२. आयएसओच्या मेन्यूत ऑटो निवडून किमान शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) ठरवा: बसलेल्या माणसाला १/१२५ सेकंद, धावणाऱ्या मुलांना १/५००.

३. कमाल आयएसओ मात्र स्वतः तपासूनच ठरवा. रात्रीच्या दिव्यात एकच चेहरा १६००, ३२०० आणि ६४०० वर टिपा, स्क्रीनवर पूर्ण झूम करून पापण्या पाहा. जिथे केस वेगळे न दिसता एकमेकांत मिसळतात, त्याच्या आधीचा आकडा तुमची मर्यादा.

ही मर्यादा गाठली की कॅमेरा गुपचूप शटर मंद करतो, म्हणून शटरच्या आकड्यावर नजर असू द्या. तसं झालं तर ॲपर्चर उघडा, नाहीतर दिवा जवळ आणा.

ट्रायपॉडवर स्थिर वस्तू टिपताना ऑटो बंद करून १०० ठेवा. नाहीतर कॅमेरा विनाकारण आयएसओ चढवतो.