सेमिनरीसाठीची जर्मन-लॅटिन शिष्यवृत्ती: अर्ज करताना या चुका टाळा

पुढे सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेत, जाऊन पाळक व्हायचं ठरवून अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजात जर्मन आणि लॅटिन शिकणाऱ्या मुलांचे अर्ज मी बरेचदा तपासून देते. व्याकरण कच्चं म्हणून अर्ज मागे पडलेला मी फारसा पाहिला नाही. गाडी अडते ती निबंधात. ‘मला या भाषांची मनापासून आवड आहे, देवाच्या सेवेत त्या उपयोगी पडतील’ एवढं लिहून मुलं थांबतात. भावना खरी असते, पण समितीच्या हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा एक ओळ घ्या आणि तिच्यावर काम करून दाखवा. उदाहरणार्थ बायबलमधलं रोमकरांस पत्र ३:२८. व्हल्गेटमध्ये, म्हणजे जुन्या लॅटिन बायबलमध्ये, तिथे ‘पेर फिदेम’ आहे, म्हणजे ‘विश्वासाने’. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात ‘आलाइन’ घातलं: ‘केवळ विश्वासाने’. हा ‘केवळ’ मूळ ग्रीकमध्येही नाही. टीका झाली तेव्हा १५३० मध्ये त्याने जाहीर पत्रातून उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं: जर्मन कसं बोलावं हे लॅटिनच्या अक्षरांना विचारायचं नसतं. घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारायचं. या एका शब्दावर एक पान लिहा. दोन्ही भाषा तुम्हाला कशाला हव्यात, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

एक भाषा नुसती तोंडी लावायला ठेवू नका. ऑग्सबर्ग कन्फेशन, म्हणजे ल्यूथरच्या अनुयायांचा श्रद्धेचा जाहीरनामा, २५ जून १५३० रोजी सम्राटापुढे जर्मन आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत सादर झालं, आणि दोन्ही पाठ शब्दशः सारखे नाहीत.

भाषा किती येते हे सांगताना ‘अस्खलित’ हा शब्द नको. जर्मनसाठी ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (सर्वांत वरची) या युरोपीय पातळ्यांपैकी तुमची पातळी लिहा. लॅटिनसाठी काय वाचलंय ते लिहा: सीझरचं लेखन किती, व्हल्गेटचे कोणते अध्याय. मुलाखतीत मोठ्याने वाचायला सांगितलं तर उच्चाराची एकच पद्धत धरा. ‘आकाश’ या अर्थाचा एकच शब्द एका ओळीत प्राचीन रोमन पद्धतीने ‘काएलुम’ आणि पुढच्या ओळीत चर्चच्या पद्धतीने ‘चेलुम’ म्हटला की गोंधळ लगेच कानावर येतो.

शिफारसपत्र फक्त आपल्या पाळकांचं घेऊन भागत नाही. ते तुम्हाला ओळखतात, पण वर्गात तुम्ही वाक्य कसं सोडवता हे भाषेच्या शिक्षकांनीच पाहिलेलं असतं. त्यांना महिनाभर आधी सांगा आणि निबंधही वाचायला द्या.

पैशांच्या चुका बहुधा शिष्यवृत्ती मिळाल्यावर होतात. बाहेरची रक्कम कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला कळवावीच लागते, आणि काही कॉलेजं तेवढं स्वतःचं अनुदान कमी करतात. अनुदानाऐवजी आधी तुमचं कर्ज कमी करता येईल का, हे त्या कार्यालयाला विचारा. पदवीच्या विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क आणि सक्तीच्या पुस्तकांवर खर्च झालेल्या रकमेवर अमेरिकेत संघीय आयकर नसतो. राहण्या-जेवणावर गेलेली रक्कम मात्र करपात्र उत्पन्नात धरली जाते. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकेच्या संघीय सरकारची मदत मिळत नाही, म्हणून कॉलेज आणि चर्चच्या निधींवरच भर द्या.

सही करण्यापूर्वी एक अट नक्की शोधा: पुढे सेमिनरीत गेला नाहीत तर ही रक्कम कर्ज ठरते का? लॅटिनचा वर्ग मध्येच सोडताना त्या सत्राचे श्रेयांक (क्रेडिट) १२ च्या खाली जाणार नाहीत, हेही पाहा. पूर्णवेळ शिकण्याची अट असेल तर पुढच्या सत्राचा हप्ता तिथेच अडकतो.