आजच्या नोट्स तू घे

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी ऑनलाइन मीटिंग सुरू होताना आमची टीम लीड म्हणाली, "आजच्या नोट्स तू घे." मी सांगलीत घरी, टीम पुण्यात, क्लायंट जर्मनीत. गूगल डॉक उघडलं तर वर रंगीत गोळ्यांची रांग, म्हणजे मी काय टाइप करतेय ते सगळे बघतायत. एक स्पेलिंग दुरुस्त करेपर्यंत बोलणं दोन मुद्दे पुढे जायचं. तरी हट्टाने सगळं उतरवलं. चार पानं झाली. खाली लीडने एकच ओळ लिहिली: "मग ठरलं काय?"

तेव्हापासून मी पाच मिनिटं आधी सांगाडा टाकून ठेवते. तारीख, हजर कोण, अजेंड्याचे मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याखाली दोन रिकाम्या ओळी: 'ठरलं' आणि 'कोण, कधीपर्यंत'. बोलता बोलता त्या भरायच्या. एखादी रिकामी राहिली, तर मुद्दा पुढे सरकायच्या आत विचारायचं, "हे कोण करणार?" नवख्याने मध्येच तोंड घातलं असं कुणाला वाटत नाही, कारण नोट्स तुमच्याकडे असतात. ही सोय वापरा.

एकदा मी लिहिलं, 'बिल्ड शुक्रवारी चारपर्यंत', म्हणजे सॉफ्टवेअरची तयार प्रत तोवर द्यायची. जर्मनीतल्या एकाचा कर्सर तिथे येऊन थांबला आणि चारच्या पुढे प्रश्नचिन्ह उमटलं. कुणाचे चार? क्लायंटला त्यांचे चार म्हणायचे होते. उन्हाळ्यात ते आपले संध्याकाळचे साडेसात होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. आमचा पुण्याचा पोरगा या साडेतीन तासांपायी गुरुवारची रात्र जागला असता. हेच मिनिट्स, म्हणजे मीटिंगच्या नोट्स, दुसऱ्या दिवशी मेलने गेले असते, तर ते प्रश्नचिन्ह कुणी टाकलंच नसतं. मेलमधले मिनिट्स वाचतं कोण!

लिंक पाठवण्याआधी परवानगी तपासा. बाहेरच्यांना नुसतं 'व्ह्यूअर' (फक्त वाचू शकणारे) ठेवलंत, तर पहिली दहा मिनिटं ॲक्सेस देण्यात जातात. ओपन सोर्सवाल्यांत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्यांत, इथरपॅड चालतं; तेही असंच सगळ्यांनी मिळून लिहायचं ऑनलाइन पान. त्यात प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसतं, म्हणून मला ते आवडतं. पण सार्वजनिक पॅडची लिंक ज्याच्या हाती लागेल तो ते वाचू शकतो. तिथे पासवर्ड, पगार असलं काही लिहू नका.

नीट ऐकू आलं नाही तर '??' टाकून पुढे जा, कुणीतरी भरतं. स्वतः बोलायची वेळ आली की आधी सांगा, "दोन मिनिटं नोट्स कुणीतरी घ्या." बोलणं आणि लिहिणं एकदम मला अजून जमत नाही.

शेवटची पाच मिनिटं मात्र मागून घ्या. स्क्रीन शेअर करून फक्त 'ठरलं'च्या ओळी मोठ्याने वाचा. "अहो, हे मी कधी म्हटलं?" असं म्हणणारा एक जण निघतोच. त्याच्यासमोरच ती ओळ बदला.