खिडकी नसलेल्या केबिनमधला समुद्र: पैसे कधी वाचवावेत, कधी वाचवू नयेत

क्रूझचं कोटेशन हातात आलं की पहिली नजर सगळ्यात कमी आकड्यावर जाते, आणि तो आकडा बहुतेक वेळा आतल्या केबिनचा असतो. आतली केबिन म्हणजे खिडकी नसलेली खोली. दिवा घालवला की मिट्ट काळोख. सकाळचे सात वाजलेत की रात्रीचे तीन, काही कळत नाही. हल्ली काही जहाजांवर अशा खोलीत भिंतीवर मोठी स्क्रीन लावून त्यावर बाहेरचा समुद्र दाखवतात. ही खोली घ्यावी का, असं कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दिवाळी-मेच्या सुट्ट्यांआधी कोणी ना कोणी विचारतंच. मी बत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर आम्ही दोघं आणि सासूबाई अशा खोलीत चार रात्री राहून आलो. तेव्हा एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी ही चीज काय आहे ते समजून घ्या. रॉयल कॅरिबियन कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला ‘नॅव्हिगेटर ऑफ द सीज’ या जहाजाच्या काही आतल्या केबिनमध्ये ८० इंची उभ्या स्क्रीन बसवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘क्वांटम ऑफ द सीज’ आलं, त्यावर तर प्रत्येक आतल्या केबिनमध्ये ती होती. नाव ‘व्हर्च्युअल बाल्कनी’. जहाजाच्या बाहेर बसवलेल्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र त्यावर येतं, सोबत लाटांचा आवाज. रेकॉर्ड केलेलं काही नाही, त्यामुळे भर समुद्रात रात्री तुम्हाला काळोखच दिसणार. ‘बिघडली वाटतं’ म्हणून रिसेप्शनला फोन करू नका. चित्राच्या खालच्या भागात बाल्कनीचा कठडाही दाखवतात. तो शोभेचा नाही. त्याच्यामुळे डोळ्यांना आधार मिळतो, आपण कड्यावर उभे आहोत असं वाटून गरगरत नाही. आवाज कमी करता येतो, स्क्रीन पूर्ण बंदही करता येते.

यांच्या आधी, २०११ मध्ये, डिस्नेच्या ‘डिस्ने ड्रीम’ जहाजाच्या आतल्या केबिनमध्ये गोल खिडकीसारखी स्क्रीन आली. तीत खरा समुद्र दिसतो आणि मधूनच एखादं कार्टूनमधलं पात्र डोकावून जातं. मुलांना ती इतकी आवडली की काही सफरींना या केबिनचा भाव खऱ्या खिडकीच्या केबिनपेक्षाही वर गेला. म्हणून ‘आतली म्हणजे स्वस्तच’ हे डोक्यातून काढून टाका आणि प्रत्येक वेळी तिन्ही आकडे मागा: आतली, खिडकीची, बाल्कनीची.

आता कोटेशन. इथे लोक फसतात. आम्हाला पहिल्या एजंटने फोनवर ‘आतली, पण समुद्र दिसणारी’ असं सांगितलं होतं. कागद मागवला तर त्यावर होतं ‘इंटिरियर गॅरंटी’. गॅरंटी म्हणजे आतली खोली मिळेल एवढीच हमी. कोणत्या मजल्यावर, कुठल्या नंबरची, हे कंपनी नंतर ठरवणार. आणि ते जहाज असं होतं की त्यावर थोड्याच केबिनमध्ये स्क्रीन होती. म्हणजे आमच्या वाट्याला साधी काळोखी खोली आली असती तरी तक्रारीला जागा नव्हती. मी तो कागद परत केला. प्रत्येक आतल्या खोलीत स्क्रीन असलेलं जहाज असेल तर गॅरंटी घेऊन पैसे जरूर वाचवा. नसेल तर केबिनचा नंबर आणि प्रकार कागदावर आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

पुढचा हिशेब असा. भाडं माणशी असतं आणि ते एका खोलीत दोघं धरून काढलेलं असतं. एकटं माणूस गेलं तर जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. तिसऱ्या-चौथ्याला सहसा कमी लागतं. बंदराचे कर सगळ्यांना सारखेच. कर्मचाऱ्यांसाठीची रोजची माणशी बक्षिसी ‘सूट’ला, म्हणजे सगळ्यात मोठ्या, महागड्या खोल्यांना, जास्त असते, पण आतली आणि बाल्कनी यांना एकच. विमान, व्हिसा, मुंबईपर्यंतची टॅक्सी, यातलं काहीच खोलीवर ठरत नाही. म्हणून नुसत्या भाड्यात बाल्कनी दीडपट दिसली तरी सगळ्या सहलीच्या खर्चात तो फरक बराच लहान होतो. आमच्या बाबतीत तो माणशी चौदा हजार होता, तिघांचे बेचाळीस. मग स्वतःला विचारायचं: जागेपणी खोलीत किती तास बसणार? आम्ही दोघं जेमतेम दोन तास. सकाळी डेक, दुपारी बंदरावर उतरून भटकंती, संध्याकाळी कार्यक्रम. आमच्यापुरतं स्क्रीनवर भागलं, आणि छान भागलं. त्या बेचाळीस हजारांतून मलेशियातल्या पेनांगला गाडी करून हिंडलो.

चूक झाली ती सासूबाईंच्या बाबतीत. त्या ८१ वर्षांच्या, गुडघे दुखरे. मी तिघांसाठी एकच हिशेब केला, पण त्या रोज आठ-नऊ तास खोलीतच असणार होत्या. खोली साधारण १६६ चौरस फूट, म्हणजे आपल्याकडची बारा बाय चौदाची बेडरूम, आणि त्यातच बाथरूम, कपाट, तिसरी खाट.

पहिल्या सकाळची गोष्ट सांगते. पुण्यात त्यांना साडेचारला जाग येते. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तिथले सात, आणि नेमकी तीच तिथल्या सूर्योदयाची वेळ. मी डोळे उघडले तेव्हा त्या स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसलेल्या. पाणी शिशासारखं करडं होतं, मग त्यावर एक गुलाबी रेघ आली, ती हळूहळू पसरली, आणि खोलीतल्या पांढऱ्या चादरींवर तो रंग उतरला. खोलीत उजाडलं. त्या अंधाऱ्या पेटीत दिवस सुरू झाल्याचं अंगाला कळणं, ही या स्क्रीनची खरी किंमत आहे, आणि ती मी मनापासून कबूल करते. सासूबाईंनी हात जोडले. थोड्या वेळाने स्क्रीनच्या कडेला तळवा नेऊन धरला आणि म्हणाल्या, “वारा लागत नाही गं.”

चाळीस वर्षं त्या घरच्या बाल्कनीत उभं राहून सूर्याला अर्घ्य देतात. सूर्य त्या चित्रात नव्हताच, तो जहाजाच्या मागच्या अंगाला होता. मी त्यांना लिफ्टने वरच्या उघड्या डेकवर नेलं. जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला मनाई असते, म्हणून तांब्या नेला नाही. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, वाऱ्याने तो दोनदा उडाला, आणि त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. नंतर रोज सकाळी आम्ही वर गेलो, पण दुपारी मात्र त्यांना चार भिंतींत बसावं लागलं. ते बेचाळीस हजार मी तेव्हा द्यायला हवे होते.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. तरुण जोडपं, मित्रमंडळी, दिवसभर खोलीबाहेर राहणारी माणसं: स्क्रीनची आतली केबिन बिनधास्त घ्या. सोबत म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा बंद जागेत जीव घाबरणारं कोणी असेल तर बाल्कनीच घ्या, वाटल्यास एक रात्र कमी करा. स्क्रीन उजेड देते, वेळ सांगते. हवा देत नाही. बोट लागण्याची भीती असेल तर खोली कुठलीही असो, खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची मागा, तिथे हेलकावा कमी बसतो. स्क्रीनकडे बघून मळमळलं तर ती सरळ बंद करा आणि डेकवर जाऊन क्षितिजावर नजर ठेवा.

साधी, स्क्रीन नसलेली आतली केबिन मिळाली तरी हिरमुसू नका. बऱ्याच जहाजांवर खोलीतल्या टीव्हीच्या एका चॅनलवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र चालू असतं. झोपताना तो चॅनल लावा, आवाज बंद करा. रात्रभर टीव्ही काळा राहतो आणि पहाटे आपोआप उजळतो, तेवढ्याने जाग येते. हे फुकट आहे.

पैसे भरण्याआधी एजंटला ईमेलवर तीन प्रश्न विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या: या जहाजाच्या सगळ्या आतल्या केबिनमध्ये स्क्रीन आहे का, माझ्या केबिनचा नंबर काय, आणि आज बाल्कनीचा एकूण फरक, कर आणि बक्षिसी धरून, किती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की घरातलं कोण दिवसभर खोलीत असणार आहे, त्याच्याशी बोला. मग कार्ड काढा.