फ्लॅशमधला मराठी खेळ पुन्हा चालवताना

सोलापुरातल्या एका शाळेत मुळाक्षरांचा फ्लॅश (ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं जुनं तंत्र) खेळ बंद पडला होता. फ्लॅशचं अधिकृत पाठबळ ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, तरी खेळाची एसडब्ल्यूएफ फाइल शाबूत होती. ती रफल या फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालली.

फोल्डरमधलं खेळाचं वेबपान डबल-क्लिकने उघडू नका. ‘file://’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून ब्राउझर रफलची वाझम (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची) फाइल वाचू देत नाही. पायथॉनचा साधा सर्व्हर ८००० पोर्टवर लावला, रफलच्या सगळ्या फाइल्स एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या, की झालं. पोर्ट मात्र बदलायचा नाही; खेळातले गुण ब्राउझरच्या साठ्यात त्या पोर्टसकटच्या पत्त्यापुरतेच जपले जातात.

खरी डोकेदुखी अक्षरांची. जुना, युनिकोड नसलेला मराठी फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड केलेला नसेल तर ‘कमळ’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मूळ एफएलए (खेळ ज्यात बनवला ती संपादनाची फाइल) असेल, तर ती तो फॉन्ट असलेल्या संगणकावर उघडून स्थिर मजकुरावर ‘ब्रेक अपार्ट’ ही आज्ञा दोनदा द्या: आधी सुटी अक्षरं, मग नुसते आकार. ते कुठेही तसेच दिसतात. शुद्धलेखन आधीच तपासा, आकार झाल्यावर काना-मात्रा टंकून बदलत नाही.

ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रॅमिंग भाषा) ३ मधला खेळ असेल तर प्रत्येक बटण दाबून बघा. १ आणि २ मधले सहसा कमी अडतात.