फॉलआउटसाठी रेडिओचा मॉड निवडताना: मक्याच्या वावरातून शिकलेलं

आमच्या वावरात मका कणसावर आला की रात्री रेडिओ लागतो. ऐकायला कुणी नसतं. इथे माणूस आहे असं रानडुकरांना वाटावं, एवढंच त्याचं काम. आप्पा पंपाच्या खोलीत खुंटीला तो अडकवतात, आवाज मोठा करतात आणि घरी येऊन झोपतात. एका वर्षी त्यांनी रेडिओऐवजी स्पीकर ठेवला आणि त्याला पेनड्राइव्ह लावला. त्यात अडीचशे गाणी. पाचव्या रात्री डुकरांनी दोन सऱ्या आडव्या केल्या. आप्पांचं निदान असं, की नुसत्या गाण्यांना डुकरं सरावतात, बोलणाऱ्या माणसाला सरावत नाहीत. हे शास्त्रात बसतं की नाही देव जाणे, पण फॉलआउट या अणुयुद्धानंतरच्या ओसाडीत फिरायच्या व्हिडिओ गेमसाठी रेडिओचा मॉड (म्हणजे गेममधल्या रेडिओत भर घालणारी, चाहत्यांनी बनवलेली जोड) निवडताना मी आता हाच निकष लावतो. गाणी किती ते नंतर, आधी मधे बोलतंय कोण ते बघायचं.

माझं अमळनेरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर वार्निशच्या वासात कॉइल भरायच्या आणि रात्री जेवण झालं की दोन तास गेम. मागच्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला, “मामा, रेडिओचा कोणता मॉड टाकू? एकात तीनशे गाणी आहेत.” तीनशे ऐकून मला तो पेनड्राइव्ह आठवला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, फक्त शिव्या गाळून.

सुरुवात कंटाळवाण्या गोष्टीने. तुमच्याकडे कोणता गेम आहे आणि तो कशावर चालतो? फॉलआउट ३, न्यू वेगास आणि फॉलआउट ४ हे तीन वेगळे गेम आहेत आणि एकाचा मॉड दुसऱ्यात चालत नाही. कोनेलरॅडसारख्या काही मॉडच्या एकाच नावाने वेगवेगळ्या गेमसाठी आवृत्त्या आहेत, तेव्हा नाव बघून उतरवू नका, गेम बघून उतरवा. प्लेस्टेशन ४ असेल तर जास्त आशा धरू नका. तिथे बाहेरची आवाजाची फाइल घालूच देत नाहीत, म्हणजे नवं गाणं येणार नाही, गेममध्ये आहे तेच फार तर इकडचं तिकडे होईल. एक्सबॉक्सवर नवी गाणी चालतात, पण फॉलआउट ४च्या सगळ्या मॉडना मिळून ठरावीकच जागा असते. कॉम्प्युटरवर जागेचा प्रश्न तुमच्या खिशाचा. हिशोब सांगतो: न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी खाते. तीन मिनिटांचं गाणं ३० एमबी, शंभर गाणी ३ जीबी. म्हणून मॉड फार जड दिसला तर त्यात गाणी जास्त आहेत असं लगेच समजू नका, कधी कधी फक्त फाइल दाबायचा आळस असतो.

आता मूळ रेडिओ. मॉड टाकायच्या आधी तो पुरता ऐका, निदान एक आठवडा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण चांगलं काय असतं हे त्याशिवाय कळत नाही.

फॉलआउट ३ हा २००८चा गेम. त्यात थ्री डॉग नावाचा निवेदक गॅलेक्सी न्यूज रेडिओ चालवतो, पण सुरुवातीला त्याचा आवाज वॉशिंग्टनच्या आसपासच पोचतो. लांब गेलात की खरखर. मग तुम्हीच एक डिश शोधून आणायची आणि वॉशिंग्टन स्मारकावर बसवायची, तेव्हा कुठे तो सगळीकडे लागतो. एसटीने सातपुड्याच्या घाटात शिरताना मोबाइलवरचा एफएम आधी खरखरतो आणि मग बोलता बोलता गायब होतो, तो अनुभव ज्याने घेतलाय त्याला ही डिश बसवताना काय वाटतं ते सांगायला नको. २०१०च्या न्यू वेगासमध्ये मिस्टर न्यू वेगासला आवाज दिलाय वेन न्यूटन या लास वेगासच्याच प्रसिद्ध गायकाने. तो प्रेमाने बोलतो आणि तुम्ही कुठे काय करून आलात त्याच्या बातम्या देतो, तुमचं नाव न घेता. २०१५च्या फॉलआउट ४मध्ये डायमंड सिटी रेडिओवर ट्रॅव्हिस आहे. हा बिचारा घाबरट, अडखळत बोलणारा. बरेच जण वैतागतात आणि त्याला गप्प करणारा मॉड शोधायला लागतात. थांबा. गेममध्ये त्याला धीट करायचं एक काम आहे. ते पूर्ण केलं की तोच माणूस रुबाबात बोलायला लागतो. ते न करता त्याला काढून टाकलं तर माणूस बदलताना ऐकायचं सुख गेलं.

या तिघांत गाणी मुख्यतः १९४० आणि ५०च्या दशकांच्या सुरावटीची. गेमच्या कथेत २३ ऑक्टोबर २०७७ला दोन तासांत अणुयुद्ध उरकतं, आणि त्यानंतर दोनशे वर्षांनी आपण त्या ओसाडीत फिरत असतो. बाहेर राख आणि कानात गोड गाणं, सगळा रेडिओ या विसंगतीवर उभा आहे. म्हणून आजची धांगडधिंग्याची गाणी भरलेला मॉड मी घेत नाही. एका मित्राने लग्नातली डीजेची गाणी भरून ठेवलीत. तो म्हणतो मजा येते. येत असेल.

मॉडचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, असलेल्या स्टेशनात गाणी वाढवणारे. फॉलआउट ४साठीचा ‘मोअर व्हेअर दॅट केम फ्रॉम’ त्यातला: त्याच काळातली गाणी डायमंड सिटी रेडिओतच मिसळतो, ट्रॅव्हिस जागेवर राहतो. पहिलाच मॉड टाकत असाल तर हाच रस्ता. मूळ यादी सव्वा-दीड तासात फिरून परत येते, ती तक्रार मिटते आणि बाकी काही बिघडत नाही. दुसरा प्रकार, नवं स्टेशन उभं करणारे. यात फार फरक असतो. ‘ओल्ड वर्ल्ड रेडिओ’मध्ये एकदम ढीगभर स्टेशनं मिळतात, ज्याला निवड हवी त्याला बरं. ‘कोनेलरॅड’ मला जास्त आवडतो. हे नाव खरं आहे: १९५१ ते १९६३ या काळात अमेरिकेत हल्ल्याच्या वेळी लोकांना सूचना देण्यासाठी ही यंत्रणा होती आणि तिच्यासाठी रेडिओवर ६४० आणि १२४० हे दोन आकडे राखून ठेवले होते. मॉडमध्ये त्या काळातली अणुबाँबवरची गाणी आणि नागरी संरक्षणाच्या सूचना आहेत. बाँब पडला तर कसं वाकून बसावं हे शांत आवाजात सांगणारा माणूस, आणि समोर खरोखर जळून गेलेलं शहर. ‘अ‍ॅटॉमिक रेडिओ’त गमतीदार जाहिराती आणि गोष्टी आहेत, गाण्यांपेक्षा बोलणं भारी. न्यू वेगाससाठी ‘एक्झिस्टन्स टू पॉइंट झीरो’ आहे. त्यात एक रोबो निवेदक जगण्या-मरण्यावर संथपणे बोलत राहतो. रात्री एकटे खेळत असाल तर जपून.

निवडायचं कसं, तर नमुन्याचा व्हिडिओ लावा आणि गेम न लावता वीस मिनिटं फक्त ऐका. मी दुकानात कॉइल भरताना ऐकतो, हात कामात असले की कान प्रामाणिक होतात. निवेदक त्या जगातला वाटतो का? त्याला डायमंड सिटी, सुपर म्यूटंट नावाचे राक्षस, पाण्याची टंचाई माहीत आहे का, की अमेरिकेतल्या कुठल्याही एफएमवरून उचलून आणलाय? अमीन सायानी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बहनों और भाइयो’ म्हणायचे, तेव्हा आप्पांच्या वडिलांना वाटायचं हा आपल्याच ओट्यावर बसून बोलतोय. तेवढी अपेक्षा मॉडकडून नको, पण आपल्या ओसाडीतला तरी वाटला पाहिजे. मग त्याची वाक्यं मोजा. वीस मिनिटांत एकच विनोद दोनदा आला तर चाळीस तासांच्या खेळात तो किती वेळा येईल? हल्ली यंत्राने बनवलेल्या आवाजांचे निवेदकही आलेत. काही कानाला बरे लागतात, पण श्वास कुठे घ्यायचा ते त्यांना कळत नाही. मी टाळतो.

आणि शांतता. दोन गाण्यांमध्ये जरा थांबणारं स्टेशन घ्या. फॉलआउटमध्ये वाऱ्याचा आवाज, लांबचा गोळीबार, कुत्र्याचं गुरगुरणं, सगळ्याला अर्थ असतो. सलग ठोकणारा रेडिओ असला तर डेथक्लॉ हे गेममधलं नखांचं जनावर पाठीशी येऊन उभा राहीपर्यंत कळत नाही. मी असा तीनदा मेलोय, तिन्ही वेळा एकाच गाण्यावर.

आवाजाच्या पातळीचं तर विचारूच नका. भाचा ज्याबद्दल विचारत होता तसला एक तीनशे गाण्यांचा मॉड मी पूर्वी टाकला होता. दहा ठिकाणांहून गोळा केलेली गाणी, एक कानात कुजबुजणारं तर दुसरं किंचाळणारं. रात्री एक वाजता बारीक गाणं आलं म्हणून आवाज वाढवला, आणि लगेच पुढची जाहिरात अशी फुटली की बाहेर ओट्यावर झोपलेली माय उठून बसली. “हाऊ कोन बोंबली ऱ्हायना रे?” त्या रात्री मॉड गेला. तेव्हापासून वापरणाऱ्यांच्या शेऱ्यांत मी आधी हेच शोधतो: आवाज सारखा आहे का. गेमच्या सेटिंगमध्ये रेडिओची वेगळी पट्टी असते, पण ती सगळ्या रेडिओला मिळून कमी-जास्त करते, गाण्या-गाण्यातला फरक मिटवत नाही.

टाकताना दोन-तीन गोष्टी. मॉड ऑर्गनायझर किंवा व्हॉर्टेक्स हे मॉड टाकायचे-काढायचे प्रोग्रॅम वापरा, हाताने फोल्डरमध्ये फाइली कोंबू नका, काढताना तुमच्याच अंगाशी येतं. डायमंड सिटी रेडिओचीच यादी बदलणारे दोन मॉड एकत्र टाकले तर शेवटी लोड होणारा जिंकतो आणि पहिल्याची गाणी दिसेनाशी होतात. लोक म्हणतात मॉड खराब आहे. मॉड बरा असतो, एकाच खुंटीला दोन रेडिओ अडकवलेले असतात. एकच ठेवा, नाहीतर दोघांना जोडणारा पॅच (छोटी जोडफाइल) बघा. नवं स्टेशन असेल तर ही भानगड सहसा नसते. आणि खेळ अर्ध्यात आल्यावर स्टेशनचा मॉड काढू नका, सेव्ह (खेळ साठवलेली फाइल) बिघडू शकते. आधी वेगळी सेव्ह करून ठेवा, तिच्यावर तासभर प्रयोग करा, पटलं तर पुढे चला. एप्रिल २०२४च्या मोठ्या अपडेटनंतर फॉलआउट ४चे बरेच जुने मॉड अडले होते, तो मार मुख्यतः स्क्रिप्ट एक्स्टेंडर या वेगळ्या जोडप्रोग्रॅमवर चालणाऱ्यांना बसला. साध्या रेडिओ मॉडला सहसा त्याची गरज नसते, तरी मॉडच्या पानावर काय काय लागतं ते वाचून घ्या.

स्वतःचं स्टेशन करायचं मनात असेल तर सोपा रस्ता एकच: मूळ गाण्याच्या जागी त्याच नावाची, त्याच प्रकारची आपली फाइल ठेवायची. लांबी मूळ गाण्याइतकीच ठेवा, म्हणजे शेवट तुटायची भीती नाही. गेममधल्या टेबलावरच्या रेडिओतून आवाज यायला हवा असेल तर फाइल मोनो करा. स्टिरिओ असली तर रेडिओपासून दूर गेल्यावरही आवाज कमी होत नाही. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये हे दोन मिनिटांचं काम, पातळी सारखी करायची सोयही तिथेच आहे. जुनी मराठी गाणी भरली तर ती आपल्यापुरतीच ठेवा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तेव्हा जुनं आहे म्हणून फुकट आहे असं धरू नका आणि कुठे चढवू नका.

मी माझ्यापुरतं केलंय. गाण्यांच्या सुरुवातीला मायचा आवाज जोडला. शेतीपंपाची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, त्यामुळे घरातली खरी निवेदक तीच. ओट्यावर शेंगा निवडत बसली असताना मोबाइलवर अकरा वाक्यं घेतली. “लाइट उनी रे, मोटर लावा.” “आज वारं शे, कडबा झाकी ठेवा.” फॉलआउट ४मधल्या बॉस्टनच्या पडक्या पुलावर उभं राहून, दोनशे वर्षं वीज नसलेल्या शहरात, लाइट आल्याची बातमी ऐकतो मी. चूक एवढीच झाली की अकरा वाक्यं अकराच गाण्यांना चिकटली, म्हणून तिसऱ्या रात्री कोणत्या गाण्याआधी काय येणार ते पाठ झालं. मायने शेजारी बसून अर्धा तास ऐकलं आणि विचारलं, “मी एकच गोट इतली सांगस का?”

आप्पा आतून “हो” म्हणाले. कापूस वेचून झाला की ती आणखी वीस वाक्यं देणार आहे, आणि आप्पांचं एकही घ्यायचं नाही अशी अट घातलीय.