पोरगी कार्डिओलॉजीत डीएम करून राहिली? मग एवढं करा

घरात, नात्यात किंवा हाताखाली कोणी पोरगी कार्डिओलॉजीत डीएम (हृदयरोगाची सुपरस्पेशालिटी डिग्री) करत असली की "तू करशील गं" म्हणणारे रग्गड भेटतात, तिला हवा असतो टेबलावर हात चालवायचा चान्स. मी इथं नागपुरातच कॅथलॅब (एक्स-रेवर बघत हृदयाच्या नसांत नळी घालतात ती खोली) टेक्निशियन आहे, तर तिथून जे दिसतं ते सांगते.

सीनिअर असाल तर आधी केसची वाटणी बघा. पोरीला इको (हृदयाची सोनोग्राफी) अन् ओपीडी, पोरांना अँजिओ, असं कोणी ठरवून करत नाही पण होऊन जातं. म्हणून नाववार लिस्टच ठेवा, कोणी किती रेडिअल पंक्चर (मनगटाच्या नसेत सुई घालणं) स्वतः केले अन् कोण नुसतं बाजूला उभं होतं ते महिन्याच्या महिन्याला बघा, आकडे समोर असले की भांडावं लागत नाही.

मग ॲप्रन, म्हणजे लॅबमध्ये एक्स-रे अडवायला घालतात तो जड. ढगळ ॲप्रन बारक्या पोरीला दिला की काखेत फट राहते, छातीची बाजू उघडीच, वरून पाच-सात किलो सगळं खांद्यावर. स्कर्ट-जॅकेटवाला दोन पीसचा मागवा, तिच्या मापाचा, अर्धं वजन कमरेवर जातं. थायरॉइड कॉलर (गळ्याभोवतीचा तसाच पट्टा) पाहिजेच. ॲप्रन काढला की हँगरलाच, घडी घालून फेकला की आतला थर तडकतो. टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) ॲप्रनच्या आत छातीवर लावायचा (रीडिंग जास्त येईल म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवणारे महाभागही आहेत). अन् फ्लुरो (लाइव्ह एक्स-रे) चालू असताना जमेल तेव्हा मागे सरकायचं, अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथाईवर येतो.

प्रेग्नन्सी आली की सगळेच गडबडतात. ती सांगायला घाबरते कारण सांगितलं की तिला लॅब बंद. काहून बंद? एईआरबीचा (रेडिएशनचे नियम करणारी सरकारी संस्था) नियम असा आहे की कळवल्यानंतर पोटातल्या बाळाला 1 मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशन डोस मोजायचं एकक) वर डोस जाऊ नये. तर आरएसओला (हॉस्पिटलचा रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) लगेच सांगा, पोटाजवळ ॲप्रनच्या आत वेगळा बॅज मागा, अन् लॅबमध्ये राहायचं की काही महिने इकोवर जायचं हे तिला विचारून ठरवा, परस्पर नाही.

घरच्यांसाठी: एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी 3, डीएम 3, एन्ट्रन्समध्ये गेलेलं वर्ष वेगळंच, म्हणजे तिशी उलटतेच. लग्नाचा विषय रोज जेवताना काढू नका. "बायका कुठं हार्टमध्ये" म्हणणाऱ्या काकांना डॉ. पद्मावतींचं नाव सांगा, भारतातल्या पहिल्या महिला कार्डिओलॉजिस्ट, दिल्लीत 1981 ला नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट उभं केलं, 2020 मध्ये 103 व्या वर्षी गेल्या. काका गप्प बसतात.

रात्रीचा कॉल असला तर सोडायला कोणीतरी उठा. मोठ्या अटॅकमध्ये पेशंट आल्यापासून 90 मिनिटांत नस उघडायची असते, नागपूरच्या महाल भागातून रात्री दोनला ऑटो शोधत बसायचं म्हणजे झालंच. अन् मे महिन्यात डब्यासोबत एक जास्तीचा सुती टीशर्ट द्या, ॲप्रनखालचा पहिल्याच केसला पिळून काढावा लागतो.