करोनाग्राफच्या प्रयोगशाळेत रुजू होताना

करोनाग्राफ म्हणजे ताऱ्याचा उजेड झाकून त्याच्या शेजारचा मंद ग्रह दिसू देणारं उपकरण. या कामाला येणाऱ्या बहुतेकांना वाटतं, आता ग्रह बघायला मिळणार. टेबलावर ग्रह नसतोच. फायबरच्या टोकाचा उजेड हाच आपला तारा. तो झाकायचा आणि शेजारी काय उरतं ते मोजायचं. दृश्य प्रकाशात पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे 10 अब्ज पटींनी मंद आहे. म्हणजे उरलेला उजेड ताऱ्याच्या उजेडाच्या 10⁻¹⁰ पटीच्या घरात आणायचा. या गुणोत्तरालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात.

तारा झाकणाऱ्या एकट्या मास्कने ते होत नाही. आरशांवरचे नॅनोमीटरहून लहान उंचवटेही प्रकाश विखुरतात आणि कॅमेऱ्यात स्पेकल, म्हणजे उजेडाचे ठिपके, उमटतात. ते मारायला आकार बदलणारा आरसा (डिफॉर्मेबल मिरर) लागतो, सगळे त्याला डीएमच म्हणतात. रोमन अवकाश दुर्बिणीच्या करोनाग्राफमध्ये असे दोन आहेत, प्रत्येकात आरशाचा पृष्ठभाग ढकलणारे 48 × 48 अ‍ॅक्चुएटर. पण कॅमेऱ्याला फक्त तीव्रता कळते, फेज (प्रकाशलहरीची कला) कळत नाही. म्हणून डीएमला मुद्दाम हलकासा आकार द्यायचा, एकदा अधिक, एकदा उणे. दोन्ही चित्रांच्या फरकातून प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राचा अंदाज काढायचा आणि ते खोडणारा आकार डीएमवर चढवायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. फेरीगणिक ताऱ्याशेजारचा अर्धवर्तुळाकार भाग काळा होत जातो. त्याचं नाव डार्क होल. पहिल्यांदा बघताना मजा येते, नाही म्हणत नाही.

मग एका आकड्यावर गाडी अडते, आणि खरी नोकरी तिथून सुरू होते. उरलेला प्रकाश दोन जातींचा. डीएम हलवला की बदलतो तो सुसंगत: मॉडेल सुधारा, फेऱ्या चालवा, कमी होईल. डीएम हलवूनही ढिम्म राहतो तो विसंगत: भिंगातली दुहेरी परावर्तनं, कुठल्यातरी फटीतून येणारा भटका उजेड. त्यावर हजार फेऱ्या चालवल्या तरी फुकट. भटका उजेड अडवणारे पडदे (बॅफल) लावा, भिंग तिरकं करा. गंमत म्हणजे खऱ्या ग्रहाचा प्रकाशही याच दुसऱ्या जातीचा, ताऱ्याशी विसंगत. त्यामुळे प्रयोगशाळेतला भटका ठिपका हुबेहूब ग्रहासारखा वागतो. हा फरक ओळखता येणारा माणूस कुठल्याही गटाला हवा असतो.

तयारी म्हणाल तर फूरिए ऑप्टिक्स, रेषीय बीजगणित आणि पायथन. एचसीआयपाय किंवा फाल्को ही मोफत साधनं घेऊन घरच्या संगणकावर डार्क होल खणून बघा. निर्वात कक्ष, तापमान नियंत्रण, केबलमधून येणारी कंपनं हे हाताखाली शिकता येतं, पुस्तकातून नाही. कक्ष बंद करून पंप लावल्यावर आत हात घालता येत नाही, त्यामुळे झाकण लावण्याआधीची तपासणी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका.

कुणी कॉन्ट्रास्टचा आकडा सांगितला की भारावून जाण्याआधी विचारा: बँडविड्थ (तरंगलांबींचा पट्टा) किती, ताऱ्यापासून किती अंतरावर, आणि ताऱ्याची मूळ तीव्रता कशी मोजली? जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या निर्वात कक्षात 2019 च्या सुमारास सुमारे 4 × 10⁻¹⁰ गाठलं, तेही 10 टक्के बँडविड्थमध्ये, म्हणून त्याचं मोल. लेझरच्या एकाच तरंगलांबीवर तोच आकडा त्या मानाने सोपा. शिवाय ती चाचणी दुर्बिणीच्या अखंड, गोल छिद्रासाठी होती. तुकडे जोडून केलेल्या आरशाचं गणित वेगळं, आणि सध्या माणसं जास्त तिकडेच लागतात.